बाटलीबाईची दुसरी डिस्क

आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक बाई राहते. तिला सगळे बाटलीबाई म्हणतात. नवीन भाडेकरू आला की हे नाव ऐकून भलताच अर्थ काढतो आणि जिन्यात तिच्यापासून चार हात लांबून जातो. मी लगेच खुलासा करत नाही. दोन-तीन दिवस मजा बघतो, मग सांगतो, की अरे बाबा, ती शहराच्या पाण्याच्या केंद्रात नमुने तपासते. तिच्या हातात जो तारेचा क्रेट असतो त्यात बारा बाटल्या असतात, आणि बाराही बाटल्यांत पाणी असतं. नुसतं पाणी. ज्याला वाटेल त्याने वास घेऊन बघावा.

मी त्याच केंद्रात एकतीस वर्षं चावीवाला होतो. चावीवाला म्हणजे रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, हातभर लांब दांड्याची चावी खाली सोडायची आणि मोजून फेरे फिरवायचे. या गल्लीला पाणी चालू, त्या गल्लीला बंद. पाणी आलं तर कुणी नाव घेत नाही, नाही आलं तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार. शिक्षण म्हणाल तर गावच्या शाळेत सातवीपर्यंत. तरीसुद्धा कॉम्प्युटरातलं एक गुपित मला असं पक्कं कळलेलं आहे की भल्याभल्यांना कळलेलं नसतं. ते मला बाटलीबाईने शिकवलं. पण तुम्हाला सांगायचं ते गुपित नाही, ती बाई सांगायची आहे.

शहराच्या टोकाच्या वस्तीतली माणसं एकदा आजारी पडली. उलट्या, जुलाब, घरटी एक-दोन अंथरुणाला खिळलेली. आणि त्याचं खापर फुटायला आलं ते हिच्या डोक्यावर. नोकरी जाणार होती. पण नोकरीचं एक वेळ सोडा. ‘हिने पाणी खराब असून कळवलं नाही’ हे जे एकदा चिकटलं असतं ते जन्मभर निघालं नसतं. त्या तीन आठवड्यांत तिला वाचवलं ते एका डिस्कने आणि एका हट्टाने. डिस्क आमच्या ट्रंकेत होती. हट्ट सगळा तिचा.

आता थोडं मागे जातो. आमची ही म्हणते, तुम्ही मागे गेलात की माणूस पुढे जेवायला निघून जातो. जाऊ दे.

तपासणीच्या खोलीत पूर्वी एक कॉम्प्युटर होता. तो मोठ्या साहेबांनी ‘दोन दिवसांकरता’ केबिनमध्ये नेला आणि तो तिथेच राहिला. बाटलीबाईने चार वेळा मागितला. शेवटी साहेबांचा तिला मेल आला, की अहवाल घरून पाठवत जा. घरी तिने स्वतःचा कॉम्प्युटर घेतलेला होता, जाडजूड, पंख्यासारखा आवाज करणारा. भल्या पहाटे नमुने घ्यायचे, तपासायचे, आकडे वहीत लिहायचे, घरी येऊन आठ-सव्वाआठला साहेबांना मेल करायचा आणि परत कामावर. आठवड्याचे सहा दिवस. रविवारी दुसरा माणूस.

अशी तीन वर्षं गेली. मग एक दिवस फतवा निघाला, की मेलची जागा भरली आहे, प्रत्येकाने आपापले जुने मेल पुसून टाकावेत. बाटलीबाई शिस्तीची. तिने विचार केला, माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर सगळे दिसतातच, मग तिकडचे पुसले तर बिघडलं काय? दुपारी ऑफिसात बसून तिने तिन्ही वर्षांचे मेल पुसले. संध्याकाळी घरी येऊन कॉम्प्युटर लावला. तो एक मिनिटभर गुरगुरला आणि तिच्या डोळ्यांदेखत एकेक ओळ नाहीशी होत गेली. तीन वर्षं साफ.

ती धावत खाली आमच्याकडे आली. “काका, घरात कुणी नसताना घर रिकामं झालं!” मला वाटलं चोरी. मी चावी घेऊन वर पळालो. तीच, हातभर लांबीची. निवृत्त होताना परत द्यायची राहिली होती.

दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात गेली. मीही गेलो, मला काय, वेळच वेळ. दुकानातली बाई स्क्रू तोंडात धरून बोलायची. म्हणाली, “ताई, तुमच्या घरी होता तो आरसा. आरशात माणूस दिसतं म्हणून ते आरशात राहत नाही ना? तिकडचं उठून गेलं, इकडचं गेलं.”

“मग स्वतःची कॉपी कशी ठेवायची?”

“आरशातून बाहेर काढून ठेवायची. वेगळ्या डिस्कवर. आणि काम झालं की डिस्कची वायर काढायची. लावून ठेवलीत तर कॉम्प्युटरबरोबर तीही बुडेल.”

हेच ते गुपित. लोक समजतात, दोन ठिकाणी दिसतं म्हणजे दोन आहेत. नसतात. एकच असतं.

त्या दिवसापासून बाटलीबाईने जे धरलं ते धरलंच. अहवालांची नवी मोजणी एकपासून सुरू केली, प्रत्येक मेलच्या माथ्यावर क्रमांक. दोन डिस्क आणल्या, वहीएवढ्यासुद्धा नाहीत, साबणाच्या वडीएवढ्या. रविवारी सकाळी आठवड्याचे सगळे मेल, आलेले-गेलेले, डिस्कवर उतरवायचे. ती डिस्क आमच्याकडे आणायची, आमच्याकडची वर न्यायची. पुढच्या रविवारी उलट. म्हणजे ताजी डिस्क कायम आमच्या घरी. मी विचारलं, “दोन्ही तुझ्याच कपाटात ठेव की. जिना चढ-उतर कशाला?”

“काका, आमच्या घराला आग लागली तर ती काय कपाटातली एकच डिस्क जाळेल?”

“आणि आमच्या घराला लागली तर?”

“मग तुम्हाला आधी बाहेर काढीन. वरची असेल माझ्याकडे.”

आमच्या हिने डिस्क माझ्या जुन्या लोकरी स्वेटरात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. ही म्हणे, यंत्राला थंडी बाधते. मी काही बोललो नाही. चाळीस वर्षांत एवढं शिकलोय.

आणखी एक खोड तिची. महिन्यातून एकदा ती डिस्क लावून डोळे मिटून कुठल्यातरी एका मेलवर बोट ठेवायची आणि तो उघडून बघायची. कारण एकदा असं झालं होतं, की वायर आतून तुटलेली, आणि ही बया चार महिने दर रविवारी मोठ्या भक्तिभावाने रिकामी डिस्क आमच्या ट्रंकेत आणून ठेवत होती. आम्ही तिला स्वेटर घालत होतो! तेव्हापासून उघडून बघितल्याशिवाय ती कॉपीला कॉपी म्हणत नाही.

डिस्कला कुलूपही होतं, परवलीच्या शब्दाचं. तो शब्द तिने नवऱ्यालाही सांगितला नव्हता. नवरा बस चालवतो. माणूस सोन्यासारखा, पण भित्रा. गल्लीत मांजर आडवं आलं तरी असा ब्रेक मारतो की प्रवाशांची डोकी आपटतात. त्याला आम्ही ब्रेकराव म्हणतो, तोंडावर. एकदा त्याला मेल आला, ‘आपले खाते आज बंद होत आहे, ताबडतोब इथे परवलीचा शब्द भरा.’ घाबरून बिचारा भरायला बसला. बाटलीबाईने मागून येऊन भिंतीतलं बटणच बंद केलं. “अहो, दारावर अनोळखी माणूस आला आणि म्हणाला, चोर येणार आहेत, किल्ली द्या, तर देणार का?” ब्रेकराव म्हणाला, “गणवेशात असला तर देईन.” आता अशा माणसाला शब्द सांगून काय करायचं, तुम्हीच सांगा.

तर तो आठवडा. सोमवारी पाण्यातल्या गढूळपणाचा आकडा एकच्या आत असायला हवा तो चारवर गेला. टोकाच्या वस्तीतल्या नळाला क्लोरीन जेमतेम. तिने अहवालाखाली स्वच्छ लिहिलं, की दोन नंबरच्या फिल्टरची वाळू निकामी झाली आहे, फिल्टर बंद करा आणि क्लोरीन वाढवा. मंगळवारी तेच, जरा मोठ्या अक्षरांत. बुधवारी पहिल्या ओळीतच लिहिलं, ‘हे पाणी पिण्याजोगं नाही.’ शिवाय केबिनपर्यंत जाऊन आली. साहेब पाहुण्यांना नवीन इमारत दाखवत होते. म्हणाले, मेल केलाय ना? मग झालं. शुक्रवारी माणसं आजारी पडायला लागली.

रविवारी तिला सुट्टीच्या दिवशी वस्तीत नमुने घ्यायला पाठवलं. सकाळची गेलेली दुपारी तीनला परतली. चेहरा असा, की हिने न विचारताच पाणी पुढे केलं. मी म्हटलं, “आज राहू दे ती डिस्क. पुढच्या रविवारी बघ.”

“नाही काका. आजच.”

वर गेली, आजचा अहवाल पाठवला, आठवड्याचे मेल उतरवले, एक उघडून बघितला, खाली आली, डिस्क हिच्या हातात दिली आणि मग कुठे बसली.

मंगळवारी दुपारी तिला पत्र मिळालं. निलंबित. कारण? ‘संबंधित तीन दिवशी कोणताही इशारा न देता नेहमीचेच आकडे कळवले.’ आणि ऑफिसचं मेलचं खातं त्याच क्षणापासून बंद. नियमच तसा आहे म्हणे, माणूस बाहेर की खातं बंद.

तिने घरी येऊन कॉम्प्युटर लावला. खात्याबरोबर तिकडचे मेलही पुसलेले, त्यामुळे आरसा रिकामा. ब्रेकराव मटकन खुर्चीत बसला. आणि बाटलीबाई, काय सांगू तुम्हाला, हसली! खाली येऊन दारातूनच म्हणाली, “काकू, स्वेटर काढा.”

तिने आधी काय केलं असेल? मेल वाचले? छे. आमच्याकडच्या डिस्कवरून वरच्या डिस्कवर पूर्ण कॉपी घेतली. तोवर एकही मेल उघडला नाही. इंटरनेटची वायर काढून खुंटीला टांगून ठेवली होती. कॉपी झाल्यावर आमची डिस्क पुन्हा आमच्या ट्रंकेत, आणि मग वर बसून तिने सोमवार उघडला, मंगळवार उघडला, बुधवार उघडला. तिन्ही होते. अक्षर न् अक्षर.

ब्रेकरावला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी बसमध्येच कुणाला तरी बोलून बसला. म्हणजे ज्या माणसाला दर शंभर पावलांवर ब्रेक लागतो त्याचा नेमका जिभेचा ब्रेक निकामी. संध्याकाळी पाचला मोठे साहेब स्वतः आमच्या दारात. पांढरा शर्ट, हातात फाइल.

“आजोबा, ऑफिसची एक वस्तू तुमच्याकडे आहे म्हणे.”

मी म्हटलं, “आहे. चावी. निवृत्त होताना द्यायची राहिली. आणू?”

“चावी नव्हे. डिस्क. तिच्यात ऑफिसची माहिती आहे. खासगी घरात ठेवणं नियमात बसत नाही.”

“साहेब, माझ्या ट्रंकेत माझा स्वेटर आहे. त्याला तुमच्या नियमात बसवायचं तर बाह्या कापाव्या लागतील.”

“हे बघा, गोष्ट गंभीर आहे. तुमचं पेन्शनही याच केंद्रातून येतं.”

आता मी एकतीस वर्षं खाली मान घालून झाकणं उचललेला माणूस. साहेब लोकांशी बोलायची आपली सवय नाही. पण ते पेन्शनचं बोलले आणि माझी मान आपोआप वर झाली. म्हटलं, “ते मी कमावलंय साहेब. तुम्ही देत नाही, तुमच्या हातून येतं एवढंच. शहराचं पाणी माझ्या हातून यायचं, म्हणून मी कधी म्हटलं नाही की पाणी माझं आहे.”

आतून आमची ही ओरडली, “अहो, कोण आहे? चहा टाकू का?”

“नको,” मी म्हटलं, “निघालेत.”

साहेब गेले. हिने तो चहा मलाच दिला.

पण खरी लढाई पुढेच होती, आणि ती साहेबांशी नव्हती. चौकशीच्या दोन दिवस आधी, तिने कुलूप उघडून दिल्यावर, ब्रेकराव डिस्कवरचे मेल चाळत होता. मदत करायची म्हणून. चाळता चाळता थांबला.

“हा काय आहे?”

दोन वर्षांपूर्वीचा मेल. बाटलीबाईने लिहिलेला. ‘काल मी क्लोरीनचा आकडा ०.२ ऐवजी २.० लिहिला. चूक माझी आहे. त्यावरून मात्रा कमी केली असेल तर ताबडतोब वाढवा.’ आणि त्याच्या आदल्या दिवसाचा, चुकीच्या आकड्याचा मेलही शेजारीच.

ब्रेकरावने मला वर बोलावलं. म्हणाला, “काका, तुम्हीच समजवा हिला. हे दोन मेल साहेबांना दिसले तर संपलं. म्हणतील, ही बाई आकडे चुकते, हिच्या इशाऱ्याचं काय घेऊन बसलात. तिकडचे तर साहेबांनी पुसलेच आहेत. इथले दोन काढून टाकायचे. कुणाला कळणार आहे?”

खरं सांगतो, मलाही पटलं. माणूस अडचणीत असताना दोन ओळींचं काय एवढं? मी म्हटलं, “पोरी, तो बरोबर बोलतोय. तू काय खोटं घालत नाहीयेस. नुसतं काढतेयस.”

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्या शाळेतले गुरुजी आठवले.

“काका, सहा वर्षं मी दर रविवारी काय आणून देत होते तुम्हाला?”

“डिस्क.”

“डिस्कमध्ये काय?”

“तुझे मेल.”

“माझे सगळे मेल. चांगले चांगले निवडून नव्हते आणले. मी यातला एक जरी काढला, तर उरलेले माझ्या सोयीचे होतील. सोयीच्या कागदाला कोण विचारतो?”

ब्रेकराव तडकला. “तुला नोकरी हवीय की नको?”

“हवीय.”

“मग?”

“मग हे दोन्ही राहतील. चूक केली तेव्हा लपवली नाही, आता लपवू? अहो, त्यांनी माझे मेल पुसले म्हणून मी त्यांच्याविरुद्ध उभी आहे. आणि मीही पुसायचेच असतील तर त्यांच्याच बाजूला जाऊन बसते ना, खुर्ची तरी बरी मिळेल.”

ब्रेकरावने डिस्कची वायर काढली. मीही उठलो. जिना उतरताना मला माझीच लाज वाटली. हिला सांगितलं तर ही म्हणाली, “तुम्हाला चावी फिरवायला दिली ते बरं झालं. पाणी तपासायला दिलं असतं तर शहराचं काही खरं नव्हतं.”

चौकशी सकाळी अकराला होती. चौकशी करणाऱ्या मॅडम बाहेरून आलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर, हसू कुठेही नाही. मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं, डिस्क कुठे होती ते सांगायला. आयुष्यात पहिल्यांदा त्या इमारतीत खुर्चीवर बसलो. ब्रेकरावने घरचा जाडजूड कॉम्प्युटर उचलून आणला होता आणि टेबलावर ठेवताना तिथेही दोनदा दचकला.

ऑफिसचा कॉम्प्युटरवाला नेटची वायर घेऊन पुढे आला. बाटलीबाईने कॉम्प्युटरच्या पाठीवर हात ठेवला.

“वायर लागणार नाही.”

साहेब म्हणाले, “का? लपवायचंय काही?”

“एकदा तुमच्या वायरीने माझी तीन वर्षं नेली. आता माझा कॉम्प्युटर, माझी डिस्क, आणि मध्ये कुणी नाही. आणि मॅडम, उघडण्याआधी हिची एक कॉपी तुम्ही घ्या, तुमच्यापाशी ठेवा. टेबलावर एकच प्रत ठेवून मी काही उघडत नाही.”

मॅडमनी मान हलवली आणि कॉपी घ्यायला लावली. अर्धा तास सगळे एकमेकांकडे बघत बसले. मग तीन दिवसांचे तीन मेल मोठ्याने वाचून झाले. ‘हे पाणी पिण्याजोगं नाही’ ही ओळ मॅडमनी आपल्या वहीत उतरवून घेतली.

साहेब उठले. “हे नंतर लिहून घातलेलं असू शकतं. घरचा कॉम्प्युटर, घरची डिस्क. मुळात घरी ठेवायची परवानगी दिली कुणी?”

“ज्यांनी घरून पाठवायला सांगितलं त्यांनी,” बाटलीबाई म्हणाली. “तुमचा तो मेल मी पुसला नव्हता, तेवढा एकच बाजूला ठेवला होता. यात आहे. वाचू?”

“आणि,” साहेब जरा घाईने म्हणाले, “या बाई आकडे चुकतात. दोन वर्षांपूर्वी क्लोरीनचा घोळ घातलेला आहे यांनी. विचारा.”

ब्रेकरावने डोळे मिटले. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. “खरं आहे?”

“खरं आहे. तो मेलही यात आहे. चुकीचाही आहे, दुसऱ्या दिवशी चूक कळवली तोही आहे.”

मॅडमनी दोन्ही वाचले. मग पहिल्यांदाच त्यांनी आपली फाइल उघडली. त्यांनी मुख्य कार्यालयातून एक यादी मागवून आणली होती. त्यांनी आम्हाला ते साध्या भाषेत समजावलं. मेल पुसले तरी ज्या मशीनमधून ते जातात तिथे आवक-जावकीची नोंद उरते. आत काय लिहिलं होतं ते त्यात नसतं. कुणी, कुणाला, कधी, आणि मेल केवढ्या लांबीचा होता, एवढंच. साहेबांना ही नोंद असते हे ठाऊक नव्हतं. बाटलीबाईलाही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

“नवीन क्रमांक सुरू झाल्यापासून त्या रविवारपर्यंत,” मॅडम म्हणाल्या, “या नोंदीत यांचे साहेबांना पोचलेले मेल आहेत एक हजार नऊशे चौदा. डिस्कवर किती आहेत?”

कॉम्प्युटरवाल्याने मोजायला लावलं. यंत्राला कितीसा वेळ लागतो! पण मला तेवढ्यात दोन वर्षांपूर्वीचे ते दोन मेल आठवले, आणि मी स्वतः काय सल्ला दिला होता तेही आठवलं, आणि मी खुर्चीच्या अगदी कडेला सरकलो.

“एक हजार नऊशे चौदा,” तो म्हणाला.

मग त्यांनी त्या तीन मेलची वेळ आणि लांबी ताडून पाहिली. जुळली. सहज म्हणून चुकीच्या मेलचीही पाहिली. तीही जुळली. ब्रेकरावने माझा हात असा घट्ट दाबला की माझी अंगठी बोटात रुतली. दोन काढले असते तर एक हजार नऊशे बारा झाले असते, आणि मग मॅडमनी उरलेल्यांतला एकसुद्धा खरा मानला नसता.

मॅडमनी साहेबांना एकच प्रश्न विचारला. “हे मेल तुम्हाला पोचले होते. वाचले होते का?”

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. केंद्रातलंच पाणी होतं ते.

आठवड्याने समझोत्याचा कागद आला. ‘झाल्या प्रकारात उभय बाजूंचा गैरसमज झाला’, अशा अर्थाचं काहीतरी, आणि खाली सहीची जागा. सही केली की उद्यापासून कामावर. ब्रेकराव पेन घेऊन उभाच. बाटलीबाईने कागद वाचला, घडी केली आणि परत पाठवला. वर लिहिलं, ‘माझा गैरसमज झालेला नाही. मी इशारा दिला होता, तो पोचला होता. तसं लिहिणार असाल तर लिहा.’

आमची बिल्डिंग सगळी तिच्यावर वैतागली. चांगली नोकरी परत मिळतेय आणि ही बया शब्दांवरून अडून बसली! मी मात्र यावेळी तोंड उघडलं नाही.

अजून नऊ दिवस गेले. मग आदेश आला. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, की तिन्ही दिवशी लेखी इशारा प्राप्त झाला होता व त्यावर कार्यवाही झाली नाही. साहेबांची दुसरीकडे रवानगी, पुढची चौकशी चालू. आणि शेवटच्या ओळीत बाटलीबाईलाही ताकीद, दोन वर्षांपूर्वीच्या चुकीच्या आकड्याबद्दल.

ब्रेकराव म्हणाला, “त्या ताकिदीविरुद्ध अर्ज करू या. आता आपली बाजू वर आहे.”

“कशाला? चूक झाली होती. तिची ताकीद मला चालते.”

दुसऱ्या दिवशी ती क्रेट घेऊन कामावर गेली. मीही गेलो, गेटपर्यंत, आपलं उगाच. वॉचमन ओळखीचा, त्याने आत बसवलं. दोन नंबरच्या फिल्टरमधली जुनी वाळू उपसून बाहेर ढीग घातला होता, काळी, चिकट, हातात घ्यायला नको वाटावी अशी. तिने नमुने घेतले, तपासले. तपासणीच्या खोलीत आता कॉम्प्युटर आलेला होता. तिने तिथूनच अहवाल पाठवला, आणि उठून सरळ केबिनच्या दारात जाऊन उभी राहिली.

नवे साहेब तरुण होते, चाचरत म्हणाले, “बसा ना. काही काम?”

“अहवाल पाठवलाय.”

“हो हो, आलाय. बघतो नंतर.”

“आता बघा.”

“अहो, पोचला म्हटलं ना मी?”

“मागच्या वेळीही पोचलाच होता. गढूळपणा किती आहे?”

दाराबाहेर दोन कारकून चहाचे कप घेऊन थबकले. मी केबिनसमोरच्या वॉचमनच्या खिडकीतून मान लांब करून बघत होतो. ती काही हलली नाही. क्रेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, बाटल्या किणकिणल्या, आणि उभीच राहिली.

शेवटी साहेबांनी मेल उघडला.

“शून्य पूर्णांक सहा,” त्यांनी वाचलं.

“क्लोरीन? शेवटच्या नळाला?”

“शून्य पूर्णांक... दोन.”

“बरोबर,” ती म्हणाली. “उद्या याच वेळेला येते.”